दुबार प्रत

हे मी नितीनच्या वडिलांनासुद्धा सांगितलेलं नाही. त्यांना मी सगळं सांगायचे — आमटीत दोनदा मीठ पडलं तर तेही, शेजारणीची वाटी मुद्दाम परत केली नाही तर तेही. ते गेले, हे न ऐकताच गेले. बहिणीला नाही, मुलाला नाही. देवाला? देवासमोर हात जोडले की मी घाईघाईनं काहीतरी मागून घेते — नातीचे मार्क, माझे गुडघे — म्हणजे त्याला मला काही विचारायला सवड मिळू नये. तर तुम्ही पहिले.

घरात मला खोडकर आजी म्हणतात. नातीशी पत्ते खेळताना मी राजरोस लबाडी करते, गुलाम पदराखाली सरकवते, आणि पकडली गेले की तिच्याहून मोठ्यानं हसते. लबाडी पकडली जाण्यात केवढी गंमत असते! एक मात्र पकडली गेली नाही. सोळा वर्षं झाली. तिच्यात गंमत म्हणून नाही.

तेव्हाची मी — तिला मी 'मी' म्हणत नाही. 'ती मालतीबाई' म्हणते. हसायला सोपं जातं. तर ती मालतीबाई, वय बावन्न, नंदुरबारच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. केसांना मेंदी, चष्म्याला साखळी, आणि साऱ्या गल्लीत ख्याती काय, तर 'बाईंना कॉम्प्युटर येतो'. येत काय होता? तीन महिन्यांचा कोर्स, त्यातला एक महिना मास्तर काविळीनं झोपलेले. पण माऊस असा ऐटीत धरायची, जणू वीणाच. कुणी विचारलं, 'मॅडम, हे बंद कसं करायचं?' की आधी चष्मा पुसायची, मग सुस्कारा सोडायची, मग सांगायची. बंद करायला. हसा, हसा. मीही हसतेच.

आणि ग्रंथपालाला दोन गोष्टींची चीड असते — एक वाळवी आणि दुसरी दुबार प्रत. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती म्हणजे कपाटाची अर्धी जागा फुकट. देणगीत आलेली गठडी सोडायची, आपल्याकडे आहे ते पुस्तक बाजूला काढायचं, आतल्या पानावर 'दुबार' असा शिक्का मारायचा आणि एखाद्या शाळेला देऊन टाकायचं. अठ्ठावीस वर्षं मी हे केलं. दुबार दिसलं की माझा हात आपोआप जायचा. हे सांगून ठेवते. सबब म्हणून नाही — सबब ती नव्हतीच, ते पुढे येईल.

विमलताई त्या वाचनालयाच्या सभासद. म्हसावदच्या. प्राथमिक शिक्षिका म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतून नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या आणि लोक यात्रेला जातात तशा ह्या गाणी गोळा करायला निघाल्या. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत साबणाच्या वडीएवढा रेकॉर्डर. सपाटीच्या गावांतून अहिराणी — जात्यावरची, श्रावणातल्या कानबाईची, लग्नात व्याह्यांना घालायच्या शिव्यांची गाणी. वर डोंगरात, काठी गावाकडे, होळीच्या दिवसांत पावरा आदिवासी बायकांची. पावरी बोली त्यांना शाळेतल्या पोरांनी शिकवलेली. प्रत्येक गाण्याच्या आधी त्या आपल्या शाळेतल्या आवाजात सांगायच्या — बाईचं नाव, गाव, आणि 'हे गाणं तुम्हाला कुणी शिकवलं?' म्हातारी लाजून म्हणायची, 'मायनी.' मग गाणं. आठ वर्षं हे चाललं. त्यातल्या कितीतरी बायका गाणं देऊन दोन-चार वर्षांत मरून गेल्या. विमलताई म्हणायच्या, 'मालू, मी तर निरोप गोळा करी ऱ्हायनू वं.'

रेकॉर्डर लहान. भरला की वाचनालयात यायचं, कॉम्प्युटरवर उतरवायचं, रेकॉर्डर पुसायचा, परत जायचं. कॉम्प्युटर भरला तेव्हा आमच्या मिरचीवाल्या शेठनी वाचनालयाला एक डबा दिला. डबाच म्हणायचो आम्ही — हार्ड डिस्क ठेवायचा लोखंडी डबा, दोन खणांचा, मागे छोटा पंखा, पुढे दोन हिरवे दिवे. आणून बसवला हनीफभाईंनी. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे रेडिओवरून कॉम्प्युटरवर आले. पंखा झटकताना म्हणायचे, नंदुरबारच्या मशीनीत धूळ निघत नाही मॅडम, मिरचीच निघते.

त्यांनी समजावलं ते अजून कानात आहे. 'दिसायला डब्बा एक, पण अंदर दो बहनें बैठी हैं. एक जे लिखस, तेच दुसरी लिखस. एक मेली तर दिवा लाल होईल, डब्बा ओरडेल. तेव्हा मला बोलवायचं. दुसरी जिवंत असेपर्यंत बोलवायचं.'

विमलताई केवढ्या खूश झाल्या! मालतीबाईच्या मनात काय आलं, सांगू? तेच. एकच गोष्ट दोन ठिकाणी. दुबार.

पुढे नितीनचं लग्न झालं. शूटिंगवाल्यानं सांगितलं, मॅडम, न कापलेलं सगळं शूटिंग पाहिजे तर घेऊन जा, माझ्याकडे जागा नाही. पाहिजे म्हणजे काय! पाच तासांचं शूटिंग, त्यात मालतीबाई मोतिया पैठणीत इकडून तिकडे मिरवताहेत, विहिणीला हळद लावताहेत, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करताहेत. ते कापायचं? छे. पण घरचा कॉम्प्युटर भरलेला. नितीन म्हणाला, आई, सुरतहून येताना डिस्क आणतो. दोन महिने झाले, आणली नाही. शूटिंगवाला रोज फोन करतोय.

एका शनिवारी वाचनालयात कुणी नव्हतं. मी डब्याचं झाकण उघडलं. आत दोघी शेजारी शेजारी. एकीला ओढलं — खटकन बाहेर आली, दुबार पुस्तक कपाटातून यावं तशी. रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली. बाजारातून प्लास्टिकचं एक कव्हर आणलं, ज्यात डिस्क बसवून वायरीनं जोडता येते. घरी चष्म्याच्या पेचकसानं चार स्क्रू आवळले. केवढा अभिमान वाटला, काय सांगू. जोडलं तर पडद्यावर चौकोन आला — ही डिस्क वापरण्यापूर्वी पुसावी लागेल, पुसायची का?

मी 'हो' दाबलं.

वाचलं होतं. समजलं होतं. मनात म्हटलं, दुसरी आहे की तिकडे.

सोमवारी वाचनालयात गेले तर डबा ओरडत होता. टीं — टीं — टीं. मागे एक बटण होतं, ते दाबलं, गप्प झाला. पण एक दिवा लाल. तो विझेना. बायका पेपर वाचायला येणार, विमलताई येणार. मग मालतीबाईंनी काय केलं असेल? कपाळावरची टिकली काढली, मरून रंगाची, आणि दिव्यावर चिकटवली. बेमालूम! डब्याला कुंकू लागल्यासारखं दिसायला लागलं. विमलताईंनी विचारलं तर मी म्हटलं, 'नवं यंत्र आहे ताई, दृष्ट लागू नये.' त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, 'तू बी ना मालू, येडीच शे.'

त्यानंतर सात महिने त्या येत राहिल्या. उतरवायच्या, रेकॉर्डर पुसायच्या, जायच्या. कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून तिथलंही मीच पुसायला लावलं. जाताना दर वेळी विचारायच्या, 'सगळं ठीक शे ना वं?' आणि मी? 'दोन-दोन प्रती आहेत ताई. काळजी कसली करता?'

टिकली दर पंधरा दिवसांनी बदलावी लागायची. डिंक उन्हानं सुटायचा. नवी लावायचे मी, डब्यावर पैसा खर्च होतोय तो माझ्या खिशातून, असंही मनात म्हणायचे. बघा किती विनोदी बाई.

होळी झाली. विमलताई काठीकडून आल्या, अंगाला अजून रानातला धूर चिकटलेला, चेहरा मात्र लहान मुलीसारखा. एका नव्वदीच्या बाईनं त्यांना तीन तास गाऊन दाखवलं होतं. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी कार्डं लावत होते. मागून आवाज आला, 'मालू, डबा उघडत नई माय.'

मी जवळ गेले. डब्यातून आवाज येत होता, कट्... कट्... कट्. कुणी नखानं दार खरवडतंय असा. दुसरीही गेली होती.

आता नीट ऐका, कारण मी इथून पळ काढायच्या बेतात असते.

विमलताई खुर्चीवर, मी मागे उभी. त्यांना काही कळायच्या आत मला सगळं कळलं होतं. घरात, कपाटात, साड्यांच्या खाली ती रुमालातली डिस्क. हा डबा उघडला जाणार. आतला एक खण रिकामा दिसणार. आणि तेवढ्यात मला दोन दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली — विमलताई काठीला जाण्याआधी पत्र टाइप करायला बसल्या होत्या, पडद्यावर एक चौकोन आला, त्या गोंधळल्या आणि त्यांनी 'हो' दाबलं. मी खांद्यावरून पाहिलं होतं. प्रिंटरचा चौकोन होता. कागद संपलाय, पुढे चालू ठेवायचं का — एवढंच.

मी खोटं बोलले नाही. म्हणजे, एकही खोटं वाक्य बोलले नाही. मी फक्त विचारलं. 'ताई, परवा तुम्ही काही दाबलं होतं का?'

नुसता प्रश्न. हो ना?

त्यांचा चेहरा बघवेना. 'दाबं व्हतं ना वं,' त्या म्हणाल्या. 'चौकोन उना व्हता. मी हो म्हनी दिधं.' मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता आणि तिथे विसरून गेला होता. 'एका बोटमा आठ वरीस पुसी टाकात मी, मालू.'

मी म्हटलं, 'असू द्या ताई. यंत्रच आहे.'

'असू द्या' म्हणजे माफ केलं मी त्यांना. कळतंय का तुम्हाला? मी त्यांना माफ केलं.

हनीफभाईंना बोलावलं. विमलताई बाहेरच्या बाकावर पाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. हनीफभाईंनी डबा जवळ ओढला, वाकून बघितला, आणि नखानं टिकली सोडवली. ती टेबलाच्या कडेला लावून ठेवली, बायका आरशाला लावतात तशी, सांभाळून. मग झाकण काढलं.

'मॅडम, दुसरी कुठंय?'

'पहिल्यापासून एकच होती,' मी म्हटलं.

ज्यानं स्वतःच्या हातानं दोन बसवल्या त्याला मी हे सांगत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग स्क्रू एकेक करून डबीत टाकत खाली बघूनच बोलले, हळू.

'ठीक आहे. समजा — समजा म्हणतो मी — एखादी अशी डिस्क कुठं घरात, कपाटात राहिली असेल. तर तिच्यावर काही लिहू नका. पुसलेली असली तरी चालेल, थोडं लिहिलेलं असलं तरी चालेल. पुसलं म्हणजे जात नाही मॅडम, फक्त नाव जातं. माल अंदरच राहतो, वरून दुसरं लिहीपर्यंत. माझ्या दुकानात आणून ठेवा. मी नसलो तर गल्ल्यावर ठेवा. कुठून आली, कुणाची — मी विचारणार नाही. निम्मं तरी काढू आपण. ताईंसाठी.'

एवढं सोपं करून दिलं त्यांनी. पाय धुवायला पाणी आणून द्यावं तसं. मी नुसतं चालायचं होतं.

नितीनच्या लग्नाचं निम्मंच शूटिंग तोवर त्या डिस्कवर उतरवलेलं होतं. बाकीची डिस्क तशीच. म्हणजे बाकीच्या जागेत, नाव पुसलेल्या त्या म्हाताऱ्या सगळ्या अजून होत्या. हे मला त्या दुपारी कळलं. हनीफभाईंच्या तोंडून, स्पष्ट.

इतका वेळ मी तुम्हाला त्या मालतीबाईचे किस्से सांगत बसले. चष्मा, माऊस, टिकली. तुम्ही एखाद-दुसऱ्या वेळी हसलाही असाल. मला हसवता येतं. वेडी होती बिचारी, अर्धवट शिकलेली, दुबार प्रत समजून काढून घेतली — असंच वाटावं, म्हणून मी तसं सांगत आले. स्वतःलाही सोळा वर्षं तसंच सांगितलं. पण वेडेपणा त्या शनिवारचा होता. या दुपारी ती वेडी नव्हती. ती नाही — मी. मी वेडी नव्हते.

मी अर्धी रजा टाकली. घरी आले, रिक्षानं, भाव न करता. जेवणही केलं नाही. डिस्क काढली, जोडली, आणि घरच्या कॉम्प्युटरवर कोंबून ठेवलेलं उरलेलं लग्न तिच्यावर टाकलं. तरी जागा उरली. मग तेच लग्न पुन्हा टाकलं. तरी उरली. मग तिसऱ्यांदा. पडद्यावरची ती हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि मी समोर खुर्ची घेऊन, मांडीवर हात ठेवून बसले होते, संपेपर्यंत. बाहेर दिवसाउजेडी भांडीवाला ओरडत होता. डिस्क काठोकाठ भरली. जागा शिल्लक नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा मी उठले आणि चहा ठेवला.

का? हनीफभाई विचारणार नव्हते, हे मला माहीत होतं. मग का? कारण त्यातलं एखादं गाणं जरी परत आलं असतं, तरी विमलताईंनी विचारलं असतं — कुठून आलं? त्यांना कळलं असतं की त्यांचं बोट नव्हतं. मला ते नको होतं. एकदा ते त्यांच्यावर गेलं होतं, ते तिथेच राहू द्यायचं होतं. बस. याच्यापुढे कारण नाही.

आणि हनीफभाई बोलणार नाहीत, हेही मी जोखलं होतं. बाजारात दुकान, वडिलांपासूनचं. वाचनालयाच्या बाईवर, कमिटीच्या लाडक्या मॅडमवर बोट ठेवून त्यांना या गावात काय मिळणार होतं? त्यांच्या गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. ते मी वापरलं. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली असावी. मग एकदा येऊन रिकामा डबा घेऊन गेले.

यापेक्षा वाईट काही असेल असं तुम्हाला वाटणार नाही. आहे.

विमलताई म्हणाल्या, ज्यांचे आवाज घेतले त्यांना सांगायला पाहिजे. तोंडानं, घरी जाऊन. त्या एकट्या निघाल्या होत्या. मी म्हटलं, मी येते सोबत. चांगली मैत्रीण ना मी! चार आठवडे, दर रविवारी, एसटीनं, पुढे जीपनं, मी त्यांची पिशवी धरून हिंडले. त्या प्रत्येक घरात जाऊन हात जोडायच्या. 'मन्हा हातनं चुकी व्हयनी माय. गाणं गयं.'

म्हसावदला एक म्हातारी तर खो-खो हसली. 'अवं मास्तरीण, गाणं का डबामा ऱ्हास? तोंडमा ऱ्हास! आते दात नईत, म्हनीसन फुस-फुस निंघस, एवढंच.' आणि तिथेच ओसरीवर दोन ओळी म्हणून दाखवल्या. विमलताई हसल्या तरी. रेकॉर्डर पिशवीत होता. त्यांनी काढला नाही.

पुढच्या एका गावात गाणाऱ्या बाईची मुलगी दारात उभी राहिली. आई वर्षापूर्वी गेलेली. तिनं विचारलं, 'मन्ही मायना आवाज व्हता ना त्यामा?' विमलताई — सेवानिवृत्त शिक्षिका, पासष्टीला पोचलेल्या — वाकल्या आणि त्यांनी त्या पस्तिशीच्या मुलीच्या पायाला हात लावला. मुलगी मागे सरली. मी काय केलं? मी विमलताईंना खांद्याला धरून उठवलं आणि मुलीला समजावणीच्या सुरात म्हटलं, 'त्यांना आधीच फार लागलंय गं. यंत्राचं काय सांगता येतं.' तिनं आम्हाला ज्वारीची भाकरी आणि मिरची वाढली. मी खाल्ली. विमलताईंच्या घशाखाली उतरेना, तर त्यांच्या ताटातली अर्धीही खाल्ली, वाया जाऊ नये म्हणून.

काठीच्या वाटेवर एका पाड्यात एक बाई पावरीत काहीतरी बोलली, थोडंसंच. विमलताईंनी मान खाली घातली. जीपमध्ये मी विचारलं, काय म्हणाली? त्यांनी माझ्याकडची पिशवी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, 'परत दे, म्हने.'

त्यानंतर त्यांनी एकही गाणं घेतलं नाही. रेकॉर्डर वाचनालयाला देऊन टाकला. आणि त्या बटण दाबेनात. सुरुवातीला मला कळलं नाही. कॉम्प्युटर तर सोडाच. मोबाईल आला तर पुतण्याच्या बायकोनं नंबर लावून द्यायचा. मिक्सर नाही, टीव्हीचा रिमोट नाही. सुरतेला माझ्यासोबत नितीनकडे आल्या होत्या तर लिफ्टसमोर उभ्या राहिल्या, कुणी येईपर्यंत. 'तू दाब वं, मन्हा हात वाईट शे.' ज्या हातानं चाळीस वर्षं पोरांना बाराखडी गिरवायला शिकवली, तो. घरातली पोरं हसायची, आजी घाबरट आहे म्हणून. मीही हसायचे त्यांच्यात.

गेल्या थंडीत त्या दवाखान्यात होत्या. मी दिवसा जाऊन बसायचे. उशाशी नर्सला बोलवायची घंटा होती, लाल बटणाची, वायरीला लोंबणारी. एकदा मी चहा प्यायला खाली गेले, कुणीतरी भेटलं, अर्धा-पाऊण तास झाला. वर आले तर त्यांचे ओठ कोरडे, जीभ टाळूला चिकटलेली. पाण्याचा जार हाताला पोचत नव्हता. मी म्हटलं, ताई, घंटा का नाही दाबली? डोळ्यांनीच हसल्या. म्हणाल्या, 'तू येशीच ना.'

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजलं, सात-आठ चमचे. प्रत्येक चमच्याला वाटलं, आता. पाणी संपलं. मी चमचा धुऊन ठेवला.

पाच दिवसांनी त्या गेल्या.

वाचनालयात शोकसभा झाली. भाषण माझं, दुसऱ्या कुणाचं असणार? मी बरं बोलते. विमलताई किती साध्या, किती भाबड्या, हे सांगताना मी — नाही, ओठावर आपोआप आलं असं म्हणणार नाही. आदल्या संध्याकाळी कागदावर मुद्दे काढले होते, त्यात हा चौथा होता. मी तो किस्सा सांगितला. कसा एक चौकोन आला, कसं त्यांनी निरागसपणे 'हो' दाबलं, आठ वर्षांचं काम कसं गेलं, आणि ती माउली कशी गावोगाव माफी मागत फिरली. थोडं रंगवलंही. 'हो' म्हणताना त्यांचा आवाज काढला. सभागृह हसलं, मायेनं हसलं, आणि लगेच डोळ्यांना पदर लागले. पुतण्याची बायको हुंदके देत होती. अध्यक्ष म्हणाले, यंत्रापुढे हरलेली पण माणसांपुढे कधीच न हरलेली अशी ही बाई. टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी दोघा-चौघांनी वाजवल्या.

हनीफभाई शेवटच्या रांगेत होते. दाढी पांढरी झालीय. ते हसले नाहीत. बाहेर जाताना दारापाशी गाठ पडली. मला सलाम केला, रोजच्यासारखा, आणि चपला घालून निघून गेले.

लोक हात हातात घेऊन म्हणत होते, बाई, फार छान बोललात, ताईंना डोळ्यासमोर उभं केलंत. मी म्हटलं, मैत्रीणच होती माझी.

घरी आले. नातीनं ताट वाढलं. मी जेवले. भात दोनदा घेतला.